शब्दांची भावकी

मुलांचं मराठी वाढावं म्हणून आपण काय करतो? सुट्टीत भारतातून पुस्तकं आणतो आणि 'रोज दहा शब्द पाठ कर' म्हणतो. दोन आठवड्यांत वही बंद. सुटा शब्द टिकत नाही, त्याला नातेवाईक लागतात. इथे तर ते रस्त्यावर उभे आहेत, आणि आपण मुलांना दाखवत नाही.

मॉलच्या पार्किंगमधल्या अरबी पाट्या आठवा. आत जायला 'मदखल', बाहेर पडायला 'मखरज'. मुलं शाळेत अरबी शिकतात, त्यांना त्या वाचता येतात. कागदाच्या मधोमध 'मदखल' लिहायला सांगा आणि विचारा, यातली द-ख-ल ही अक्षरं मराठीत कुठे भेटतात? दाखल होणे. दखल घेणे. जन्माचा दाखला, शिवाय उदाहरण म्हणून देतो तोही दाखला. पेपरातला दखलपात्र गुन्हा. दुसऱ्या बाजूला ख-र-ज: खिशातून बाहेर जातो तो खर्च (वाटेत 'ज'चा 'च' झाला), आणि बाहेर काढलेला अर्ज तो खारीज. रेघा मुलांनीच ओढायच्या, आपण नाही.

'पण हे कुठलं मराठी?' असं घरात कोणीतरी म्हणेलच. हे शब्द फारसी दरबारांमार्गे आले, खरं आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्याला त्याची गरज होती. तरी दाखला काही गेला नाही. आजोबा पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात देतात तो 'हयातीचा दाखला' पाहा, त्यातले दोन्ही शब्द अरबी!

मात्र कानाला सारखं वाटलं म्हणून सोयरीक जुळवू नका. 'इमारत' आणि 'अमिरात' सख्ख्या बहिणी वाटतात, पण अरबीत पहिली 'ऐन'ने सुरू होते, दुसरी 'अलिफ'ने. मुळं वेगळी. कधी अर्थच बदलतो: अरबीत 'गरीब' म्हणजे परका. परका माणूस आपल्याकडे येऊन निर्धन कसा झाला, यावर जेवताना गप्पा होऊ द्या. शंका आली तर मोल्सवर्थचा १८५७चा कोश इंटरनेटवर फुकट आहे, शब्दाचं मूळही त्यात दिलेलं असतं.

दुसरा कागद अस्सल घरचा घ्या. मध्ये 'पाणी', भोवती पाणवठा, पाणथळ, पाणबुडी, पाणचट. या घोळक्यात 'पाणउतारा' कसा शिरला, ते मुलांना आजीला फोन करून विचारू द्या.