खलनायकाला शिंगे नसावीत

स्वतः एखादी भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम, ज्यांना मुले ‘आरपीजी’ म्हणतात, ते आता आपल्या घरांत चांगलेच रुळले आहेत. त्यांच्याविषयी पालकांचा एक आक्षेप वारंवार कानी येतो. या खेळांतील खलनायक फार आकर्षक असतात; दुष्ट माणूस दुष्टच दिसावा, म्हणजे मुलांना त्याची किळस वाटेल! हा आक्षेप सद्हेतूने घेतला जातो, याबद्दल शंका नाही. परंतु तो मुळातच चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिंगे, सुळे आणि विकट हास्य यांनी नटवलेला खलनायकच मुलांना अधिक घातक होय. त्याच्याकडून मूल एवढेच शिकते की, वाईटपणा दुरूनच ओळखू येतो आणि तो नेहमी दुसऱ्याच्याच ठायी वसतो.

चित्रपटातील खलनायक आपण खुर्चीत बसून पाहतो. या खेळांत मात्र आपल्याला त्याच्यासमोर उभे राहावे लागते, त्याच्याशी बोलावे लागते आणि निर्णयही आपणच घ्यावा लागतो. म्हणून येथील खलनायकाची कसोटी निराळी आहे. त्याची ताकद किती, तो किती वार सोसतो, हे गौण आहे. ज्याचे उत्तर केवळ शस्त्राने देता येणार नाही, असा कोणता प्रश्न तो खेळाडूपुढे टाकतो, हे पाहिले पाहिजे.

१९८६ साली जपानमध्ये निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे उदाहरण घ्या. खेळ साधा, कथा त्याहून साधी. परंतु अखेरच्या लढाईपूर्वी तेथील ड्रॅगनचा राजा नायकाला म्हणतो, ‘माझ्या बाजूला ये, अर्धे जग तुला देतो.’ खेळाडूने होकार दिला, तर खेळ तेथेच संपतो. उंच डोंगरावरून जगातील सारी राज्ये दाखवून येशूला घातलेला मोह आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. मोह नेहमी देणगीचे रूप घेऊन येतो, हे त्या मूळ आवृत्तीने दोन-चार वाक्यांत सांगून टाकले.

याहून थोर उदाहरण १९९७च्या ‘फॉलआउट’चे. अणुयुद्धाने उजाड झालेल्या कॅलिफोर्नियात ‘मास्टर’ नावाचा एक विद्रूप जीव आपले राज्य उभारू पाहतो. त्याचा अड्डा एका कॅथीड्रलच्या खाली आहे, आणि वर त्याचा पंथ शांतीची भाषा बोलत असतो. हे ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु धर्माचा मुखवटा घालून येणाऱ्या खोट्या तारकांविषयी आपल्याला शुभवर्तमानानेच सावध केलेले नाही काय? मास्टरचे म्हणणे असे की, माणसे एकमेकांहून भिन्न आहेत म्हणून युद्धे होतात. तेव्हा सर्वांचे एकाच बलाढ्य जातीत रूपांतर करावे, म्हणजे कलहच मिटेल. युद्ध थांबावे, ही त्याची इच्छा खोटी नाही. त्यासाठी तो माणसांना बळजबरीने रसायनाच्या हौदात बुडवतो, हे त्याचे पाप.

त्याला बंदुकीने मारता येते. पण खेळाडूने पुरेसा शोध घेतला असेल आणि त्याच्या अंगी बोलण्याचे कौशल्य असेल, तर दुसरा मार्गही खुला होतो. ही नवी जात वांझ आहे, तिला संतती होऊ शकत नाही, हे तो मास्टरला पुराव्यानिशी पटवू शकतो. ते पटताच मास्टरला आपल्या क्रौर्याची निरर्थकता उमगते. तो खेळाडूला जाऊ देतो आणि स्वतःचा अंत करून घेतो. सत्यापुढे हरणारा खलनायक! शंभर राक्षस कापून हा धडा मिळणार नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींविषयी. खलनायकाला एखादे दुःखी बालपण चिकटवले की तो ‘खोल’ झाला, असा अलीकडे समज आहे. हीदेखील पळवाटच होय. १९९७च्याच ‘फायनल फँटसी सेव्हन’मधील सेफिरॉथ हा एकेकाळचा नामवंत योद्धा. आपल्या जन्माविषयीचे कागद वाचून तो सैरभैर होतो आणि गाव पेटवून देतो. त्याची व्यथा आपल्याला कळते. परंतु ज्या एरिथला खेळाडूने तासन्‌तास सोबत वागवले, तिला तो प्रार्थनेत असताना ठार करतो, तेव्हा त्या व्यथेची सबब पुरी पडत नाही. दुष्कृत्याचे कारण समजणे निराळे आणि त्याचे समर्थन करणे निराळे. चांगला खलनायक हे अंतर पुसू देत नाही.

आणि सर्वांत अवघड खलनायक कोण? २०१५च्या ‘अंडरटेल’ने त्याचे उत्तर दिले. अशा बहुतेक खेळांत शत्रू मारले की गुण वाढतात, आणि त्या गुणांना ‘अनुभव’ म्हणण्याची प्रथा आहे. ‘अंडरटेल’मध्ये कोणालाही न मारता शेवट गाठता येतो. मात्र जो मारत सुटतो, त्याला अखेरीस सांगितले जाते की, ते गुण म्हणजे त्याने इतरांना दिलेल्या यातनांची मोजदाद होती. खलनायक शोधायला निघालेल्या खेळाडूपुढे येथे आरसा धरला जातो. पापनिवेदनापूर्वी सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करणाऱ्या आपल्या समाजाला हा आरसा परका वाटू नये.

पालकांनो, मुलांच्या खेळात किती रक्त सांडते, हे जरूर पाहा. वयाची मर्यादाही पाळा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्या खलनायकाला काय हवे होते, त्यात चांगले काय होते आणि तो नेमका कोठे घसरला, हे मुलाला विचारा. ज्या खेळातून या प्रश्नांना काहीच उत्तर मिळत नाही, तो खेळ खुशाल बंद करा. ज्यातून उत्तर मिळते, त्या खेळातील खलनायकाला घाबरू नका. उद्या गोड बोलून, हातात देणगी घेऊन, शिंगांवाचून दारात उभा राहणारा माणूस आपल्या मुलाला ओळखता यायला हवा.