संहितेतील स्थलांतर आणि संपादकाचे उत्तरदायित्व

संहितेतील एखादा भाग मूळ ठिकाणाहून उचलून अन्यत्र ठेवणे ही संपादनशास्त्राला नवी गोष्ट नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे ठळक उदाहरण. स्वीकृत संहितेबाहेर ठरलेले श्लोक तेथे टाकून दिलेले नाहीत. लहान उतारे ताराचिन्हासह पृष्ठाच्या तळाशी गेले, मोठे परिशिष्टात गेले. आणि कोणत्या प्रतीत ते कोणत्या श्लोकानंतर येतात, याची नोंद मात्र कायम राहिली. स्थलांतर झाले, पण ते वाचकाच्या डोळ्यांदेखत झाले. आज हेच काम संगणकावर होऊ लागले असताना ही शिस्त आपण सांभाळतो काय, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

संगणकीय संहितेसाठी १९९८ मध्ये सिद्ध झालेली एक्सएमएल ही चिन्हांकनपद्धती आता विद्याक्षेत्रात रुळली आहे. तीत अध्याय, ओवी, टीप असे घटक नावानिशी खुणावलेले असतात आणि ते एकमेकांच्या पोटात वृक्षाच्या शाखांप्रमाणे बसतात. घटकांची नावे देवनागरीतही देता येतात. अशा संहितेचे रूपांतर करण्यासाठी १९९९ मध्ये एक्सएसएलटी ही भाषा मान्यता पावली. मराठीच्या अभ्यासकाला तिचे महत्त्व वाटावे ते तिच्या एका वैशिष्ट्यामुळे : ती मूळ संहितेला हात लावीत नाही. ती मूळ वाचते आणि शेजारी नवी प्रत लिहिते. म्हणजे तिच्या व्यवहारात ‘हलविणे’ ही क्रियाच नाही; जुन्या जागी मौन पाळणे आणि नव्या जागी लिहिणे, अशा दोन क्रिया आहेत.

ओव्यांमधील टिपा अध्यायाच्या शेवटी न्यावयाच्या आहेत, असे समजू. त्यासाठी तीन नियम लागतात. पहिला : जे समोर येईल ते जसेच्या तसे उतरवावे. दुसरा : टीप आली तर काही लिहू नये. तिसरा : अध्याय संपताना त्यातील सर्व टिपा क्रमाने लिहाव्यात. दुसरा नियम विसरला तर प्रत्येक टीप दोनदा येते. तिसरा विसरला तर ती नाहीशी होते.

प्रस्तुत लेखकाने एका पोथीच्या संहितेवर हा प्रयोग प्रथम केला, तेव्हा अध्यायाच्या शेवटी ‘टिपा’ हे शीर्षक उमटले आणि त्याखाली कोरी जागा राहिली. कारण साधे होते. शेवटी टिपा लिहावयास सांगितले, तरी ‘टीप आली तर काही लिहू नये’ हा नियम तेथेही लागू झाला. यंत्राने चूक दाखविली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. एकाच घटकाला प्रसंगपरत्वे वेगळा नियम लावण्याची सोय या भाषेत आहे. तिला ‘मोड’ म्हणतात. शेवटच्या लेखनासाठी निराळा मोड योजताच टिपा परतल्या. मूळ संहिता अबाधित होती, म्हणूनच परतल्या. शब्दसंस्कारकात कापून-चिकटवून हेच केले असते, तर काय हरवले हे सांगायला साक्षीदार उरला नसता.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे. नियम घटकाचे नाव पाहतो, त्याचा अर्थ पाहत नाही. पोथीच्या समासात लेखनिकाने केलेली नोंद आणि आधुनिक संपादकाने दिलेला शब्दार्थ या दोहोंना आपण ‘टीप’ हेच नाव दिले असेल, तर दोन्ही एकाच रांगेत जाऊन बसतील. पहिली संहितेच्या इतिहासाचा पुरावा आहे, दुसरी वाचकाची सोय. त्यांतील भेद यंत्र करणार नाही. तो चिन्हांकन करतानाच झाला पाहिजे. शिवाय उचललेल्या घटकाच्या जागी संदर्भखूण ठेवली नाही, तर तो कोठून आला हे नव्या प्रतीच्या वाचकाला कळणार नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या असोत, तुकारामांच्या गाथेतील अभंगांचा क्रम असो वा लीळाचरित्रातील लीळांचा, जेथे प्रतीप्रतींत क्रम आणि संख्या बदलते तेथे ‘कोठे’ हा प्रश्न ‘काय’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो.

हे तंत्रज्ञाचे काम आहे, मराठीच्या प्राध्यापकाने त्यात का पडावे, असा आक्षेप ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. नियमाचे व्याकरण तंत्रज्ञ लिहील. पण कोणता घटक कोणाचा, तो हलवावा की नाही, हा निर्णय वाङ्मयीन आहे आणि त्याचे उत्तरदायित्व संपादकाचेच आहे. म्हणून विद्यापीठीय विभागांनी संगणकीय आवृत्ती सिद्ध करताना केवळ अंतिम प्रत जतन करून थांबू नये. मूळ चिन्हांकित संहिता आणि तिच्यावर चालविलेले नियम, ही दोन्ही तिच्यासोबत ठेवावीत आणि अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावीत, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. संपादकाचा निर्णय चुकू शकतो. तो लिहून ठेवलेला असेल, तर पुढचा अभ्यासक तो दुरुस्त करू शकेल.