तीन अक्षरांचा तंटा

संगणकाच्या लेखी आपली मराठी म्हणजे ‘एमआर’ ही दोन अक्षरं, किंवा ‘एमएआर’ ही तीन. तिथं भांडण नाही. भांडण शेजारी आहे. २००७ साली आलेल्या आयएसओ ६३९-३ या भाषा-संकेतांच्या मानकाने कोकणीचा ‘केओके’ हा संकेत छत्रीसारखा वर धरला आणि खाली दोन भाषा उभ्या केल्या: गोव्याच्या कोकणीला ‘जीओएम’, उरलेल्या कोकणीला ‘केएनएन’. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १९९२ पासून एकच असलेली कोकणी इथं दुभंगली. वऱ्हाडीला तर ‘व्हीएएच’ असा स्वतंत्र संकेत आहे. अमरावतीच्या एखाद्या आजीला विचारा, ती म्हणेल, मी मराठीच बोलते. (की वऱ्हाडीच म्हणेल?)

भाषा कुठे संपते आणि बोली कुठे सुरू होते, हे एकटं व्याकरण ठरवत नाही; शाळा, सरकार आणि अस्मिता त्यात हात घालतात. मॉन्टेनेग्रो २००६ मध्ये स्वतंत्र झाला, त्याच्या भाषेला संकेत मिळाला तो २०१७ च्या डिसेंबरात. संकेत देणाऱ्या समित्यांचा हा संथपणा मला तरी गैर वाटत नाही. एकदा ग्रंथालयांच्या नोंदींत शिरलेला संकेत उपटणं फार जड जातं.

हा अंक बोलींचा आहे. तुमच्या घरच्या बोलीला तुम्ही काय म्हणता, ते आम्हाला जरूर कळवा.