आवाज घरातला, आवाज मांडवातला

गेल्या दिवाळीत पुतण्या घरी आला आणि फराळाची बशी बाजूला सारून त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. कागदावर चार यंत्रांची नावे आणि चार किमती. म्हणाला, "काका, यातलं कुठलं घेऊ? तुम्ही सांगाल ते." पोरगा एका लहानशा बँडमध्ये गिटार वाजवतो. शनिवार-रविवार हॉटेलांत, लग्नसराईत संगीताच्या कार्यक्रमांत. एरवी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रात्री सराव, आणि पलीकडच्या खोलीत त्याची आजी, म्हणजे माझी आई, निजलेली. चारांतले सर्वांत महाग यंत्र लाखाच्या वर होते आणि ते हप्त्यांनी घ्यायचे त्याने जवळपास ठरवले होते. मी बँकेतली नोकरी सांभाळून पंचवीस वर्षे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, एवढीच माझी या विषयातली पात्रता. पण मधल्या काळात याच वाटेवर मी स्वतः ठेच खाल्ली आहे. म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांचा गिटारशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज अगदी किरकोळ असतो. अर्धे वाद्य म्हणजे तिचा ॲम्प्लिफायर. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह त्यात असतात, आणि त्यांना मर्यादेपलीकडे ताणले की आवाज फाटू लागतो. गंमत अशी की ज्याला इंजिनिअर बिघाड म्हणेल त्यालाच गिटारवाला सूर म्हणतो. मार्शल, व्हॉक्स, फेंडर या नावांचा दबदबा त्या फाटण्यातूनच निर्माण झाला. पण तो आवाज मिळवायचा तर ॲम्प मोठ्याने वाजवावा लागतो. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा ॲम्प ८५ वॅटचा आणि वजनाला सुमारे २९ किलो. तो घेऊन लोकलमध्ये चढून दाखवावे! आणि घरी? आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हा ॲम्प तिथे नुसता खाकरला तरी शेजारी दार वाजवतील.

यावर तोडगा म्हणून मॉडेलर आले. त्या ॲम्पमध्ये काय घडते याचे गणित करून तोच परिणाम संगणकाच्या चिपमधून काढायचा. लाइन ६ या अमेरिकन कंपनीची लालभडक, राजम्याच्या दाण्याच्या आकाराची 'पॉड' ही पेटी १९९८ मध्ये आली आणि घरोघरच्या गिटारवाल्यांना वेड लागले. २०११ मध्ये जर्मनीच्या केम्परने खऱ्या ॲम्पमध्ये चाचणीचे ध्वनी सोडून त्याचा जणू ठसाच उतरवून घेण्याची युक्ती बाजारात आणली. २०१५ मध्ये पायाशी ठेवायचे 'हेलिक्स' आले आणि त्यानंतर फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचे 'क्वाड कॉर्टेक्स'. आता तर असे ठसे उतरवणारी विद्या संगणकावर फुकटही मिळते.

हे खरे की खोटे, असली की नकली, हा वाद मला आता निरर्थक वाटतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हाही जाणत्यांनी नाके मुरडली होती; आज तो कितीतरी गवयांच्या पिशवीत असतो. ढोलक, कीबोर्ड आणि दोन गायक यांच्या गर्दीत गिटारमागे व्हॉल्व्ह आहे की चिप, हे विसाव्या रांगेतल्या श्रोत्याला सांगता येणार नाही. पहिल्या रांगेतल्यालाही नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प पाठीशी उभा असताना वाजवणाऱ्याच्या अंगावर जो वारा येतो त्याची सर मॉडेलरला नाही, हे मी मान्य करतो. पण ते सुख वाजवणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे नव्हे.

खरा प्रश्न दुसराच आहे, आणि दुकानात तो कोणी विचारत नाही. हे यंत्र वाजणार कुठे? घरात की मांडवात?

माझी फजिती सांगतो. पहिला मॉडेलर घेतला तेव्हा आठवडाभर रात्री जागून, कानाला हेडफोन लावून मी गणपतीच्या कार्यक्रमासाठी आवाज तयार केले. काय ते आवाज! खाली खर्जाचा भरदार गालिचा, वर चांदीची किणकिण, भोवती गुंजन. कार्यक्रमाच्या दिवशी पहिलेच गाणे सुरू झाले आणि माझी गिटार नाहीशी झाली. खाली नुसता घूं-घूं आवाज, वर कानात टोचणारी सुई, आणि मध्ये काहीच नाही. गायिकेने दोनदा वळून पाहिले. मध्यंतरात साउंडवाला मुलगा जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचा बास निम्मा करा, मधलं वाढवा आणि तो इको काढा." उत्तरार्धात गिटार परत आली.

दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, तीव्र सूरही काहीसे दबतात. आवाज वाढला की हा फरक कमी होतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवले होते. घरी हळू आवाजात आपण नकळत खर्ज आणि तीव्र वाढवून ठेवतो. मांडवात तेच अंगावर येते. शिवाय खर्जाची जागा तिथे बास गिटार आणि ढोलकने आधीच अडवलेली असते. गिटारची जागा मधली.

म्हणून पुतण्याला मी सांगितले ते असे. यंत्रात दोनशे ॲम्प आहेत की तीनशे, हे मोजू नकोस. तू वापरणार चार. मांडवासाठी हे पाहा: पायाखालची बटणे अंधारात सापडतात का? पडद्यावरची अक्षरे उभ्याने वाचता येतात का? थेट मिक्सरला जोडायची सोय आहे का? जनरेटर बंद पडून वीज परत आली की यंत्र किती वेळात जागे होते? काही यंत्रांना अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतो, आणि भर गाण्यात तेवढा वेळ म्हणजे एक युग. अडॅप्टर हरवला तर तसाच दुसरा गावात मिळेल का? दुरुस्ती कुठे होते? घरासाठी हे पाहा: हेडफोनची जागा आहे का, आणि दिवसभर दमून आल्यावर एका मिनिटात वाजवायला बसता येते का? सराव बुडतो तो बहुधा आळसाने नव्हे, वायरींच्या गुंत्याने.

फक्त घरीच वाजवणाऱ्याने तर पायाखालच्या यंत्राच्या नादी लागूच नये. यामाहाच्या टीएचआरसारखा, स्पीकरसकट टेबलावर मावणारा छोटा ॲम्प त्याला पुरे. ज्याला दोन्हीकडे वाजवायचे आहे त्याने मधल्या किमतीचे, पायाशी ठेवायचे यंत्र घ्यावे आणि उरलेल्या पैशांतून एक बरा पॉवर्ड स्पीकर. यंत्रात प्रत्येक आवाजाच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक घरची, एक मांडवाची. आणि मांडवाची प्रत बँडच्या तालमीत, पूर्ण आवाजात, सगळे वाजत असतानाच लावावी. स्पीकरच्या खोक्याची जी नक्कल यंत्रात असते ती मिक्सरला जोडताना चालू आणि खऱ्या गिटार ॲम्पला जोडताना बंद ठेवावी. एवढे एक बटण विसरल्यामुळे कितीतरी चांगली यंत्रे बदनाम झाली आहेत.

राहिला हप्त्यांचा प्रश्न. इथे मात्र माझ्यातला बँकवाला बोलला. "अरे, साठ वर्षांपूर्वीचा व्हॉल्व्हचा ॲम्प चांगला मेकॅनिक आजही दुरुस्त करतो. हे यंत्र म्हणजे संगणक. पाच-सात वर्षांत नवं येणार आणि याची किंमत पडणार. नोटा देऊन जेवढं घेता येईल तेवढंच घे. कर्ज काढून म्हातारं होणारं यंत्र घेऊ नये." त्याचा चेहरा पडला. महागडे यंत्र वाईट नव्हे. रोज स्टुडिओत बसणाऱ्याला ते परवडते. महिन्याला चार कार्यक्रम करणाऱ्याला त्याचे हप्ते वाजवायला लावतात, नको तिथे आणि नको ते.

त्याने शेवटी मधलेच घेतले. स्पीकर अजून घ्यायचा आहे. परवा त्यांच्याकडे गेलो होतो, तर आई म्हणाली, "हल्ली हा वाजवत नाही का रे?" पोरगा हसला. आदल्या रात्री तो अडीच तास वाजवत होता. येत्या लग्नसराईत मांडवात त्याची गिटार ऐकायला मी जाणार आहे, आणि बसणार आहे शेवटच्या रांगेत.