विश्लेषण : ऑफ-रोड बाइकचे वजन नव्या मॉडेलबरोबर का वाढते? खरेदीआधी काय पाहावे?

केटीएमने एप्रिल २०२५ मध्ये ‘३९० एन्ड्युरो आर’ ही बाइक भारतात आणली. त्याच वर्षी हीरोची एक्सपल्स २१० बाजारात आली आणि कावासाकीची केएलएक्स २३० देशातच तयार होऊ लागल्याने तिची एक्स-शोरूम किंमत दोन लाखांच्या आत आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरच्या दुचाकींवर तो ४० टक्के झाला. कच्चा रस्ता, मुरूम, चिखल आणि घाट यांवर चालणारी बाइक हा त्यामुळे केवळ हौशी श्रीमंतांचा विषय राहिलेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातही अशा बाइकचे ग्राहक दिसू लागले आहेत. मात्र जाहिरातीत सीसी, पॉवर आणि नवे रंग ठळक असतात. ज्या आकड्यावर चिखलात सगळे अवलंबून असते तो, म्हणजे वजनाचा आकडा, तळाशी बारीक अक्षरांत असतो. हे वजन कशाने वाढते आणि दरवर्षीच्या ‘अपडेट’मधून नेमके काय बदलते?

‘एन्ड्युरो’ म्हणजे काय?

एन्ड्युरो ही लांब पल्ल्याची शर्यत. ती एका बंदिस्त ट्रॅकवर होत नाही. जंगलवाटा, डोंगर, ओढे आणि मधे काही साधे रस्ते असा तिचा मार्ग असतो. या प्रकारातली सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९१३ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइल येथे सुरू झाली. ‘सिक्स डेज ट्रायल’ हे तिचे नाव १९८१ पासून ‘सिक्स डेज एन्ड्युरो’ झाले. सहा दिवस तीच बाइक चालवायची आणि दुरुस्तीही स्पर्धकानेच करायची, ही तिची ओळख.

साहजिकच या बाइक हलक्या असतात. केटीएमची ३०० ईएक्ससी ही टू-स्ट्रोक स्पर्धा-बाइक इंधनाशिवाय साधारण १०३ ते १०५ किलोची आहे. अशा बाइकची भारतात रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे त्या शर्यतीच्या ट्रॅकपुरत्याच राहतात. आपल्याकडे नंबर प्लेट लावून मिळते ती एन्ड्युरोच्या धर्तीवर बनवलेली, पण रस्त्याचे सगळे नियम पाळणारी बाइक. वजनातला मोठा फरक इथेच पडतो.

रस्त्याच्या नियमांमुळे किती वजन वाढते?

होंडाच्या दोन बाइकवरून याचा अंदाज येतो. शर्यतीसाठीच्या सीआरएफ ४५० आर या बाइकचे २०१९चे मॉडेल सुमारे ११२ किलोचे होते. त्याच घराण्यातील इंजिनावर बेतलेली, पण रस्त्यावर चालवता येणारी सीआरएफ ४५० एल सुमारे १३१ किलोची. दिवे, आरसे, मोठी बॅटरी, प्रदूषण कमी करणारा सायलेन्सर आणि रोजच्या वापराला टिकतील असे सुटे भाग यांमुळे १९ किलो वाढले.

भारतात यात आणखी भर पडते. १२५ सीसीवरील नव्या दुचाकी मॉडेल्सना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेल्सना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. त्यासाठी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोठा झाला. एप्रिल २०२३ आणि एप्रिल २०२५ मध्ये प्रदूषण यंत्रणेवर लक्ष ठेवणाऱ्या ओबीडी प्रणालीचे पुढचे टप्पे आले. शिवाय मागे बसणाऱ्यासाठी पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजेच सर्वांच्या परिचयाचा साडी गार्ड, हेही नियमातच आहे.

या नियमांमागे ठोस कारणे आहेत. एबीएसमुळे ओल्या डांबरावर जीव वाचतो आणि बीएस-६मुळे शहराची हवा सुधारते. पण त्याची किंमत किलोमध्येही मोजावी लागते.

नगरचा या प्रक्रियेशी काय संबंध?

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. या संस्थांच्या यादीत पुण्याच्या ‘एआरएआय’बरोबर अहिल्यानगरच्या ‘व्हीआरडीई’चेही नाव आहे. डीआरडीओची ही प्रयोगशाळा मुख्यतः लष्करी वाहनांसाठी ओळखली जाते. मात्र तिच्या चाचणी मार्गांवर नागरी वाहनांचीही तपासणी होते.

इंजिन, ब्रेक किंवा सायलेन्सर बदलला की कंपनीला पुन्हा चाचणी आणि मंजुरी घ्यावी लागते. टाकीचा रंग किंवा स्टिकर बदलायला हा खटाटोप नसतो. दरवर्षी ‘नवे’ म्हणून येणाऱ्या अनेक मॉडेल्समध्ये बदल रंगापुरता का राहतो, याचे एक कारण यातून समजते.

आकडे काय सांगतात?

हीरोच्या बाइकचा प्रवास बोलका आहे. २०११ मध्ये आलेली इम्पल्स १३४ किलोची होती. ती पुढे बंद झाली. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली ती १५४ किलोची. २०२१ मध्ये तिच्या इंजिनात चार व्हॉल्व्ह आले, तोवर वजन १५८ किलो झाले होते. २०२५ ची एक्सपल्स २१० आहे १६८ किलोची. म्हणजे १४ वर्षांत ३४ किलोंची वाढ.

अर्थात ताकदही वाढली. इम्पल्समध्ये सुमारे १३ पीएस होते, एक्सपल्स २१० मध्ये २४.६ आहेत. प्रत्येक १०० किलोमागे हिशेब केला तर इम्पल्सला साधारण १० पीएस मिळत आणि एक्सपल्स २१० ला साडेचौदा. इंजिन चालू आणि चाकाला पकड असेल तोवर नवी बाइक सरस ठरते. चिखलात चाक रुतले किंवा उतारावर बाइक आडवी झाली, की पीएस कामाला येत नाहीत. तेव्हा बाइक उचलायची असते माणसाला, आणि उचलायचे असतात सगळे १६८ किलो.

रॉयल एन्फिल्ड हिमालयनची कथा थोडी वेगळी. २०१६ मध्ये ती सुमारे १८२ किलोची होती. एबीएस आणि बीएस-६ नंतर २०२० मध्ये १९९ किलोवर गेली, तरी इंजिन तेच राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या हिमालयन ४५० मध्ये मात्र फ्रेम, इंजिन, सस्पेन्शन सगळे नवे होते. रेडिएटरची भर पडूनही वजन १९६ किलोवर आले आणि ताकद २४.५ वरून ४० पीएस झाली. थोडक्यात, जुन्या ढाच्यावर नियमांची ठिगळे लावली की वजन वाढत जाते. ढाचाच नवा केला, तर ते रोखता येते.

केटीएम ३९० एन्ड्युरो आरचे भारतीय मॉडेल सुमारे १७७ किलोचे आहे, तर केएलएक्स २३० अवघी १३९ किलोची.

हे ३८ किलो घाटात किती जाणवतात?

चालक ७५ किलोचा धरू. १५ अंशांच्या चढावर उभ्या असलेल्या बाइकला गुरुत्वाकर्षण खाली ओढते ते एकूण वजनाच्या साधारण २६ टक्के जोराने. एन्ड्युरो आर आणि चालक मिळून २५२ किलो होतात, म्हणजे ६५ किलोंची ओढ. केएलएक्सवर हीच ओढ ५५ किलोंची, तर हिमालयन ४५० वर ७० किलोंची. बाइक चढावर बंद पडली आणि पाय टेकवायला नीट जागा नसली, की हा फरक पाठीला आणि गुडघ्यांना कळतो.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. टाकी उंच आणि पुढे असल्याने भरलेल्या टाकीचे वजन बाइकला वरून डोलवते. चाक, टायर आणि ब्रेक डिस्क यांचे वजन सस्पेन्शनच्या खाली असते. तिथे एक किलो वाढला तर प्रत्येक दगडावर चाक जास्त आपटते आणि पकड सुटते. म्हणूनच हँडलजवळचा किंवा चाकातला एक किलो सीटखालच्या एका किलोपेक्षा जड वाटतो.

हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक. पश्चिमेला अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर भागात मुसळधार पाऊस, बेसॉल्टचे कातळ आणि शेवाळलेले दगड. पूर्वेला शेवगावच्या बाजूला काळी माती, जी पावसात टायर आणि मडगार्डच्या फटीत गच्च बसते. कातळावर उंच सस्पेन्शन आणि ग्राउंड क्लिअरन्स कामाला येतात, तर काळ्या चिकट मातीत हलकेपणा. दोन्ही एकाच बाइकमध्ये हवे असतील, तर खर्च वाढतो किंवा टिकाऊपणा कमी होतो.

मग सर्वांत हलकी बाइकच घ्यावी का?

तसे नाही. केएलएक्सची टाकी ७.६ लिटरची आहे, हिमालयनची १७ लिटरची. पेट्रोलचे वजन लिटरला साधारण पाऊण किलो. म्हणजे दोन भरलेल्या टाक्यांतच सात किलोंचा फरक. लिटरला ३० किलोमीटर धरले, तर केएलएक्स सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास थांबेल. नगरहून रतनवाडीला जाऊन परत येणाऱ्याला वाटेत पेट्रोल भरावेच लागेल.

स्पर्धा-बाइकचा हलकेपणाही फुकट नसतो. तिच्या देखभालीचा हिशेब किलोमीटरऐवजी इंजिन चाललेल्या तासांत होतो आणि ऑइल बदलण्याची वेळ काही तासांतच येते. रोज कामावर जाण्यासाठी आणि महिन्यातून एकदा डोंगरात जाण्यासाठी ते परवडणारे नाही.

‘२०२५ मॉडेल’ आणि ‘२०२४ मॉडेल’ यांत खरा फरक कसा ओळखावा?

युरोपातील स्पर्धा-बाइकचे चक्र ठरलेले असते. केटीएमच्या ईएक्ससी मालिकेची नवी पिढी २०१७, २०२० आणि २०२४ या मॉडेल वर्षांत आली. मधल्या वर्षांत बहुतेक वेळा रंग, ग्राफिक्स आणि किरकोळ सुधारणा होत्या. टू-स्ट्रोकला फ्युएल इंजेक्शन मिळाले तो २०१८ चा बदल अपवाद. भारतातही बदलांचे तीन प्रकार पडतात.

पहिला, रंग आणि स्टिकरचा. यात बाइक तीच असते. अशा वेळी शिल्लक राहिलेले आदल्या वर्षीचे मॉडेल किंवा वर्षभर वापरलेली बाइक कमी किमतीत मिळाली, तर तो फायद्याचा व्यवहार ठरतो.

दुसरा, नियमांमुळे झालेला. यात वजन एक-दोन किलोंनी वाढू शकते, किंमतही वाढते, पण चालवण्यात फारसा फरक पडत नाही.

तिसरा, फ्रेम, इंजिन किंवा सस्पेन्शनचा. जास्त पैसे मोजावेत ते यासाठी. मात्र यात जुन्या बाइकचे सुटे भाग नव्या बाइकला लागत नाहीत. हिमालयन ४११ आणि ४५०, किंवा एक्सपल्सचे हवेने थंड होणारे २०० आणि लिक्विड कूल्ड २१० इंजिन ही त्याची उदाहरणे. जुने मॉडेल घेणाऱ्याने तालुक्याच्या गावात त्याचे भाग मिळतात का, हे आधी विचारलेले बरे.

वजनाचे आकडे पाहतानाही सावध राहावे लागते. ‘ड्राय वेट’ किंवा ‘इंधनाशिवाय’ असे लिहिले असेल, तर ते ‘कर्ब वेट’पेक्षा बरेच कमी दिसते. तुलना करायची ती दोन्ही बाइकच्या कर्ब वेटचीच. वापरलेली बाइक घेताना नोंदणी प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि वाहनाचे वजन, दोन्ही नोंदलेले असतात. ‘मॉडेल २०२५चे’ या तोंडी शब्दापेक्षा तो कागद पाहावा.

घरच्या घरी वजन कमी करता येते का?

अनेक तरुण मूळ सायलेन्सर काढून हलका, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवतात. त्यातून दोन-तीन किलो वाचतात, हे खरे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

कायदेशीर उपाय साधे आहेत. जवळच जायचे असेल तर टाकी अर्धीच भरावी, हिमालयनवर त्यातून सहा किलो वाचतात. जड लोखंडी क्रॅश गार्ड आणि सामानाच्या पेट्या गरजेपुरत्याच लावाव्यात. टायरमधील हवेचा दाब रस्त्यानुसार योग्य ठेवला, तर वजन न घटवताही पकड सुधारते.

आणि एक मर्यादा बाइकची नाही, जागेची आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात किंवा कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्यात रस्ता सोडून बाइक घालणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कारवाईला आमंत्रण देणारा प्रकार आहे. तिथे बाइक हलकी आहे की जड, हा प्रश्नच उरत नाही.

एकूण काय, तर नव्या वर्षाचे मॉडेल म्हणजे चांगले मॉडेल, असे समीकरण ऑफ-रोड बाइकला लागू पडत नाही. किती किलो वाढले, कुठे वाढले आणि त्या बदल्यात काय मिळाले, या तीन प्रश्नांची उत्तरे शोरूममध्ये मिळाली, तरच जादा पैसे मोजण्यात अर्थ आहे. शक्य असेल तर बुकिंगआधी बाइक एकदा साइड स्टँडवरून स्वतः सरळ उभी करून आणि थोडी मागे ढकलून पाहावी. सपाट फरशीवर जी मागे ढकलताना दम लागतो, ती चढावरच्या चिखलात सोपी होणार नाही.