तुम्ही हात लावू नका, सर!

मंडळी, गेल्या आठवड्यात घरी फायबरची जोडणी झाली. फोनची जुनी तांब्याची तार अखेर निघाली. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा आला, पाठीला सॅक, हातात चकचकीत पांढरा डबा. भिंतीला भोक पाडलं, तार आत घेतली, डबा टांगला, मोबाईलवर कुणाशी तरी दोन मिनिटं बोलला आणि निघायला लागला. चहा पाजला त्याला. मग म्हटलं, "याच्या सेटिंगचा पासवर्ड तेवढा लिहून दे बाबा."

तो हसला. वाईट नाही हसला. लहान पोरानं काडेपेटी मागितली की आपण जसे हसतो, तसा. म्हणाला, "सर, तुम्ही हात लावू नका. काही अडचण आली तर फोन करा, आम्ही तिकडून बघून घेऊ."

तिकडून! म्हणजे माझ्या बैठकीच्या खोलीतल्या डब्यात त्यांना तिकडून हात घालता येतो, आणि मला इथून येत नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नाही. म्हणूनच आज लिहायला बसलो आहे, आणि जरा रागातच बसलो आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "उन्हात कशाला डोकं तापवता?" पण विषय जुना आहे आणि माझ्याकडे त्याचा हिशेब बाकी आहे. माझं म्हणणं असं, की बाहेरचं सगळं जग ज्या दारातून घरात येतं त्या दाराची किल्ली घरमालकाकडे असली पाहिजे. मोडेम कंपनीचा असेल तर असू दे. पण आत कोणी यावं आणि कोणी येऊ नये हे ठरवणारा जो पहारेकरी, ज्याला फायरवॉल म्हणतात, तो आपला हवा. "सामान्य माणसाला ते जमत नाही" ही शुद्ध थाप आहे. मी मराठी माध्यमाचा बी. ए. जुन्या अकरावीनंतर विज्ञानाच्या पुस्तकाचं तोंड पाहिलेलं नाही. मला जमलं.

आता ते कसं जमलं आणि का जमवावं लागलं, ते सांगतो. नातेवाइकांपैकी काहींना ठाऊक आहे, त्यांनी पुन्हा ऐकावं.

धुळ्याला आयुष्यभर शिकवून मी २००८ साली निवृत्त झालो आणि जळगावच्या घरी आलो. आमच्या भागात एक छोटं वाचनालय आहे. समितीत मला घेतलं. २०१३ मध्ये आम्ही वर्गणी काढून चार जुने संगणक घेतले आणि फोनच्या तारेवरची ब्रॉडबँड जोडणी घेतली. त्याच वर्षी सरकारने ब्रॉडबँडची किमान गती २५६ वरून ५१२ केबीपीएस केली होती, यावरून काळ लक्षात यावा. शाळेतली मुलं, त्यातही मुली, निकाल बघायला, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येऊ लागल्या. घरी संगणक नव्हते. मोडेम दुकानातून आणला होता. दुकानदाराच्या माणसाने तो लावून दिला आणि जाताना म्हणाला, "सर, तुम्ही हात लावू नका."

आम्ही नाही लावला. आज्ञाधारक माणसं आम्ही.

तीन-चार महिन्यांनी नववीतल्या एका मुलीने निकालाचं पान उघडलं आणि पडद्यावर जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. ती उठून गेली. मग दुसऱ्या संगणकावर तेच, तिसऱ्यावर तेच. आम्ही व्हायरस म्हणून संगणक दोनदा पुसून काढले. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी धुळ्याच्या भाच्याला फोन केला, तो संगणक दुरुस्ती करतो. तो म्हणाला, "मामा, संगणकाचं सोडा. मोडेममध्ये जाऊन डीएनएसचे आकडे वाचून दाखवा." मोडेमचं नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. आत गेलो. दोन अनोळखी आकडे.

डीएनएस म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी समजा. आपण नाव सांगतो, ती नंबर देते. कोणीतरी बाहेरून, कारखान्यातून आलेला तोच पासवर्ड वापरून, आमची डिरेक्टरी बदलून ठेवली होती. संगणक निर्मळ, डिरेक्टरी खोटी. पुसणार किती? दुकानदाराच्या माणसाला बोलावलं. त्याने टाचणीने मागचं बटण दाबलं, पैसे घेतले, पासवर्ड पुन्हा ॲडमिन ठेवला आणि वर तेच वाक्य ऐकवून गेला.

त्या महिन्यात सहा मुली यायच्या बंद झाल्या. आम्ही घरोघरी जाऊन समजावलं. चार परत आल्या. दोघींच्या घरच्यांनी "आमच्या पोरी तिथे नको" म्हणून दार लावून घेतलं. त्या कुठे आहेत मला माहीत नाही. हा तो बाकीचा हिशेब.

मुलगा तेव्हा जर्मनीत होता. त्याला सगळं सांगितलं. त्याच्या कार्यालयात मोडीत काढलेला एक लहान फायरवॉल राऊटर होता, ज्युनिपरचा एसआरएक्स २१०. तो दिवाळीत घेऊन आला. या यंत्राला एक खाच असते. तिच्यात हवं ते कार्ड बसवायचं. फोनच्या तारेवरून नेट येत असेल तर डीएसएलचं कार्ड. म्हणजे मोडेम हा वेगळा डबा न राहता पहारेकऱ्याच्या खिशातली एक वस्तू होतो. मला ही कल्पनाच फार आवडली. मोडेमचं काम नुसतं भाषांतराचं आहे, तारेतली भाषा संगणकाला कळेल अशी करायची. भाषांतरकाराच्या हाती घराच्या किल्ल्या कशाला द्यायच्या?

यंत्र बंद करून कार्ड आत सरकवलं, स्क्रू आवळले, वीज दिली. दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकतच राहिला. स्थिर व्हायला हवा, होईना. मी स्प्लिटर बदलला, तार बदलली, लाइनमनला दोनदा बोलावलं, बिचारा खांबावर चढून आला. चौथ्या दिवशी कार्डावरचं नाव नीट वाचलं. शेवटी अक्षर होतं बी. आपल्याकडे लागतं ए. आपल्या साध्या फोनचा आवाज चार किलोहर्ट्झच्या खाली संपतो, आणि डीएसएलचा आपल्याकडून बाहेर जाणारा पट्टा साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्झ. जर्मनीत खालची जागा आयएसडीएन फोनसाठी सोडलेली, म्हणून तिथला बाहेर जाणारा पट्टा वर, २७६ पर्यंत. दोघं दोन वेगळ्या पट्टीत गात होते, सूर जुळणार कसा! चूक कोणाची? माझी. अक्षर न वाचता पेपर सोडवायला बसलो. मुलांना याबद्दल मी किती रागावलो असेन!

ए कार्ड भाच्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मिळवलं आणि पारोळा-एरंडोलमार्गे एस्टीने स्वतः घेऊन आला. वाचनालयाचा शिपाई ते उलटंपालटं करून म्हणाला, "सर, हाई काय शे?" मी म्हटलं, मोडेम आहे. त्याला ते खरं वाटलं नाही.

दिवा स्थिर झाला. मग व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे आकडे भरायचे. तारेतल्या अनेक वाटांपैकी आपली वाट कोणती, एवढाच त्यांचा अर्थ. त्यावर पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड सांगून आत घेण्याची रीत. पत्ता मिळाला. आणि एकही पान उघडेना! या यंत्राचा स्वभाव असा, की प्रत्येक दाराला विश्वासाचं किंवा अविश्वासाचं अशा एका गटात घालावं लागतं. बेवारशी दारातून ते चिटपाखरू जाऊ देत नाही. मी कार्डाचं दार अविश्वासाच्या गटात घातलं होतं. पण पीपीपीओई सुरू झालं की स्वतःचं एक नवं दार तयार करतं, पीपी शून्य नावाचं, आणि खरी ये-जा त्यातून होते. ते बेवारशी राहिलं होतं. त्याला गटात घातलं, आतून बाहेर जायची परवानगी लिहिली, पाने उघडली. काही मोठी पाने अर्ध्यावर अडायची, कारण पीपीपीओईचं वेष्टन आठ बाइट खातं, १५०० च्या जागी १४९२ च उरतात. तेही दुरुस्त केलं. बाहेरून आत यायचा प्रशासनाचा दरवाजा बंद. पासवर्ड आमचा.

हे सगळं मी दोनशे पानी वहीत लिहून काढलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, म्हणून गीता प्रवचने घराघरांत गेली. लिहून घेणाऱ्याची किंमत खानदेशाने तरी विसरू नये. (भाचा म्हणतो, मामा, तुम्ही मोडेमची बरोबरी कुठे नेली! असो.)

भाच्याशी माझं खरं भांडण निराळंच आहे. तो म्हणतो, "लोकांना पासवर्ड दिला तर लोक बिघडवतात, आणि रात्री अकराला फोन मला येतो." बरोबर आहे, बिघडवतात. मीही चार दिवस बिघडवलंच. कंपनीला हजारो घरं सांभाळायची असतात, दूरून दुरुस्ती केली तर त्यांचं पेट्रोल वाचतं, हेही कबूल. पण शाळेत आमच्याकडे विज्ञानाचं एक कपाट होतं. त्याला कुलूप. किल्ली काही वर्षं माझ्याकडे होती. मुलं काचा फोडतील म्हणून मी ते उघडू देत नसे. मी निवृत्त झालो तेव्हा त्यातल्या परीक्षानळ्या कोऱ्या करकरीत होत्या. लोक त्याबद्दल माझं कौतुक करायचे. मला आज त्याची लाज वाटते. तेव्हा "हात लावू नका" म्हणणारा मीच होतो.

आणि "तिकडून बघून घेऊ" हे तरी सुरक्षित आहे का? नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं नेट कोसळलं. हल्लेखोर धडका देत होते ते राऊटरच्या दूरून देखभाल करण्याच्या दरवाजावर. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका मालवेअरने बंद पाडले. कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवलेल्यांना फटका बसला, आणि पासवर्ड बदला असं सांगण्याची वेळ कंपनीवर आली. म्हणजे संकट आलं की हात लावा, एरवी लावू नका!

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदा आहे, की राऊटर कोणता लावायचा ते ग्राहक ठरवेल, आणि जोडणीला लागणारी माहिती कंपनीने त्याला न मागता द्यायची. तिथली माणसं काही आपल्यापेक्षा हुशार जन्मत नाहीत. तिथे कोणीतरी हट्टाने मागितलं. आपल्याकडे आम्ही निवृत्त शिक्षक चहाला जमतो, तेव्हा मी हा विषय काढला की म्हणतात, "आपल्याला काय करायचंय, नातू बघतो ना." नातू पुण्याला असतो! विजेचा मीटर कुठे, मेन स्विच कोणता, पाण्याचा व्हॉल्व्ह कसा बंद करायचा, हे आपण ठेवतोच ना माहीत? की त्यालाही नातू?

कोणी म्हणेल, सगळ्यांना जर्मनीतून फायरवॉल आणणारा मुलगा नसतो. खरं आहे. म्हणून मी प्रत्येकाने फायरवॉल घ्यावा असं म्हणत नाही. पण जोडणी देताना एक मराठी कागद द्या, त्यावर पासवर्ड, लागणारे आकडे आणि बाहेरचा दरवाजा बंद आहे की उघडा हे लिहा. आणि ज्याला स्वतःचा पहारेकरी ठेवायचा आहे, त्याच्यासाठी तुमचा डबा नुसता भाषांतरकार करून द्या. त्याला ब्रिज मोड म्हणतात, डब्यात बहुधा ती सोय असते, पैसा लागत नाही. हे मागणं फार आहे का?

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही, त्याला पुढे दोन घरं करायची होती. फक्त म्हटलं, ब्रिज मोड करून दे. तो चमकला. "सर, तुम्हाला हे कोणी सांगितलं?" मग साहेबांना फोन लावला, जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलला, आणि येऊन म्हणाला, सोमवारी विचारून सांगतो.

सोमवार उद्या आहे. वही काढून ठेवली आहे. पहिल्या पानावर ०/३५ लिहिलेलं आहे. फायबरला ते लागत नाही, पण मी खोडलेलं नाही.