अंधाच्या हाती यांत्रिक करवत

घरातील एखाद्या माणसाची दृष्टी गेली म्हणजे त्याच्यासाठी आपण काय काय करावे, याचा विचार आपण पुष्कळ करतो. परंतु त्याच्या हातून आपण काय काय काढून घेतो, हा विचार सहसा मनात येत नाही. आधी विळी दूर होते, मग काड्यापेटी, मग एकट्याने जिना उतरणे. हेतू मायेचाच असतो. पण वर्षा-दोन वर्षांत त्या माणसाचे हात रिकामे होतात. वाचकहो, अशा माणसाने उद्या म्हटले की, 'मला लाकूडकाम करावयाचे आहे, त्यासाठी विजेवर चालणारी करवत घेऊ या,' तर आपण काय उत्तर द्याल? 'नको' हे उत्तर सोपे आहे. ते योग्य आहे काय, हे आज पाहू.

अंध सुतार ही कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअर्सन या वृत्तपत्रमालकांनी १९१५ साली लंडनमध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. ते स्वतःही अंध झालेले होते. तेथे टोपल्या विणणे व जोडे दुरुस्त करणे यांबरोबर सुतारकामही शिकविले जाई. याच नावाची संस्था १९४३ मध्ये डेहराडून येथे हिंदी सैनिकांसाठी निघाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नापा येथे जॉर्ज वर्टझेल या दृष्टिहीन सुतारांनी अंध विद्यार्थ्यांना लाकूडकाम शिकविले.

आपल्याकडे बंगळुरू येथे १९९९ मध्ये शांती राघवन व दीपेश सुतारिया यांनी एनेबल इंडिया ही संस्था सुरू केली. तिचे मूळही एका घरातच आहे. शांतीबाईंच्या धाकट्या भावाची दृष्टी जाऊ लागली. त्याला स्वावलंबी करताना जे अनुभव आले, त्यांतून ही संस्था उभी राहिली. कामाच्या जागी दृष्टिहीन माणसाचे जेथे अडते, तेथे नेमका उपाय शोधणे हे तिचे एक प्रमुख कार्य. 'हे काम अंधाला जमेल काय?' असा ठोक प्रश्न न विचारता कामाचे भाग पाडावेत आणि ज्या भागात डोळ्यावाचून अडते, तेवढ्यासाठी दुसरी सोय करावी. हीच रीत आपण करवतीला लावून पाहू.

बंगळुरूसारख्या शहरात भाड्याच्या घराच्या गच्चीत किंवा गॅलरीतही मावेल अशी उचलून ठेवता येणारी टेबल-करवत मिळते. वर धातूचे सपाट टेबल, खाली मोटर आणि मधल्या फटीतून वर आलेले गोल पाते, अशी तिची रचना असते. पात्याचा व्यास २५४ मिलिमीटर असेल आणि ते मिनिटास ४,८०० फेरे घेत असेल, तर त्याचा दाता ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने धावतो. धोका पाहून हात मागे घेण्यास डोळस माणसालाही सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पात्याचे १६ फेरे पुरे होतात. म्हणजे पाते फिरू लागल्यावर डोळा कोणाचेच रक्षण करीत नाही. रक्षण करते ती बटण दाबण्यापूर्वी केलेली मांडणी; आणि मांडणी हाताने करता येते.

पहिला नियम प्लगचा. करवतीचा प्लग काढून टेबलावर आपल्यासमोर ठेवावा आणि त्याला हात लावून खात्री केल्यावाचून पात्याला स्पर्श करू नये. बटण बंद आहे, एवढ्यावर विसंबू नये.

दुसरा नियम जागेचा. करवतीची घोडी हलता कामा नये. वायर मागच्या बाजूने न्यावी. पात्याच्या सरळ रेषेत कधीही उभे राहू नये, कारण लाकूड पात्यात अडकले तर तुकडा त्याच रेषेत उलट उसळतो. उभे राहण्याची जागा पायाला कळावी म्हणून जमिनीवर एक पातळ पट्टी ठोकून घ्यावी.

आता मापाकडे वळू. लाकूड जिला टेकवून सरकवावयाचे ती कडेची पट्टी पात्यापासून किती अंतरावर आहे, हे पाहण्यासाठी ठरावीक जाडीचे ठोकळे करून घ्यावेत. तोच ठोकळा पात्याच्या पुढच्या व मागच्या दात्यापाशी सारखाच बसला, तर पट्टी पात्याला समांतर आहे असे समजावे. बारीक मापासाठी सहा मिलिमीटरची, नेहमीच्या आट्यांची सळई व तिचा नट घ्यावा, एस. पी. रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानांतून किंवा आपल्या गावच्या बाजारातून तो आणता येतो. नट एक पूर्ण फेरा फिरला की बरोबर एक मिलिमीटर सरकतो. त्याला सहा बाजू असतात, तेव्हा एक बाजू फिरविणे म्हणजे मिलिमीटरचा सहावा भाग. इतके बारीक माप साध्या फूटपट्टीवर डोळसालाही वाचता येत नाही. पाते टेबलाशी काटकोनात आहे काय, हे गुण्या लावून बोटांनी पाहावे. पात्याची उंची लाकडाच्या जाडीपेक्षा किंचितच अधिक ठेवावी.

पात्यामागे एक पाचरीसारखी पातळ पट्टी असते. कापलेली फट मिटून लाकडाने पाते आवळू नये, हे तिचे काम. ती कधीही काढू नये. उभे कापताना वरचे झाकण जागेवर असावे आणि लाकूड पुढे सारण्यास हाताऐवजी काठी वापरावी. आडवे कापण्यासाठी प्लायवूडचा सरकता पाट करून घ्यावा. त्याच्या तळाच्या पट्ट्या टेबलाच्या खाचांतून धावतात आणि लाकूड पाटावर शिकंज्याने पक्के बसते. पात्याच्या रेषेवर पाटालाच झाकण हवे, आणि पाते जेथून बाहेर येते तेथे जाड ठोकळा हवा. दोन्ही हात दोन मुठींवर राहिले की ते कोठे आहेत हा प्रश्नच उरत नाही. लाकूड मोकळ्या हाताने धरून कापणे मात्र सर्वांनाच वर्ज्य.

काम चालू असता कान पुष्कळ सांगतो. लाकूड कापले जात असताना मोटरचा आवाज दबतो, कापून झाले की मोकळा होतो. बटण बंद केल्यावरही पाते काही काळ फिरत राहते; आवाज थांबल्यावर ठरावीक आकडे मोजावेत आणि मगच हात हलवावा. त्वचेचा स्पर्श होताच सुमारे पाच सहस्रांश सेकंदात पाते थांबविणारी करवतही निघाली आहे. स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत ही युक्ती शोधली. ती सर्व यंत्रांत नसते, आणि असली तरी वरील एकही नियम सैल होत नाही.

हे सारे वाचून कोणी लगेच यंत्र आणू नये. प्रथम हातकरवत, रंधा व पटाशी यांवर हात बसावा. नंतर जाणत्या शिक्षकाजवळ, आधी बंद यंत्रावर आणि मग चालू यंत्रावर, शिकावे.

घरातल्यांचे कर्तव्यही ठरलेले आहे. करवतीजवळची कोणतीही वस्तू न सांगता हलवू नये. मोटर चालू असता मागून हाक मारू नये, खांद्याला स्पर्श करू नये. लहान मुले घरात असतील तर काम संपताच प्लग काढून कुलूपबंद करावा. 'जपून हं' असे दहा वेळा म्हणण्यापेक्षा हे नियम एकदा पाळणे अधिक उपयोगाचे.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात सुमारे ५० लाख लोकांना दृष्टीचे अपंगत्व आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांग कर्मचाऱ्यास कामासाठी वाजवी सोय करून देण्याचे बंधन सरकारी आस्थापनांवर घातले. घराच्या उंबऱ्याआत असा कायदा नाही; तेथे आपली समजूत हाच कायदा. म्हणून आपल्या घरातील अंध व्यक्तीने एखादे हत्यार मागितले, तर 'नको' म्हणण्यापूर्वी तिच्याशेजारी बसावे आणि त्या कामात डोळा नेमका कोठे लागतो, याची यादी दोघांनी मिळून करावी. ती यादी आपल्या भीतीपेक्षा बरीच लहान निघेल.